पिंजऱ्यातून पाहिलेला मासा

(मार्च १९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत. बोलले गेले तसेच छापले आहे.)



मेळाव्याच्या संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू ऑस्ट्रेलियात असतेस, तिकडचं काहीतरी सांग. फक्त नोकरी, घर आणि मुलांचे मार्क नकोत, ते सगळेच सांगणार आहेत." मी म्हटलं, "मग मी शार्क माशाला भेटून आले, ते सांगते." पलीकडे जरा वेळ शांतता. मग आवाज आला, "तू? भोगावतीच्या पुलावरून जाताना डोळे मिटून चालायचीस, ती तू?"

हो, तीच मी. नववीत आपली सहल अलिबागला गेली होती, आठवतंय? ओहोटी लागल्यावर सगळा वर्ग पायी चालत कुलाबा किल्ल्यात गेला. पाणी घोट्याएवढंसुद्धा नव्हतं. मी मात्र किनाऱ्यावर सगळ्यांच्या चपला आणि डबे राखत बसले. भूगोलाच्या बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि तुम्ही परत येईपर्यंत हलल्या नाहीत. का येत नाहीस, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. बाई, तुम्ही आज इथे आहात, म्हणून हे पहिल्यांदा सांगून टाकते. त्या दिवशी तुम्हीही किल्ला पाहिला नाहीत, हे मला परवा विमानात लक्षात आलं.

मी तुमच्या वर्गात सहावीच्या मध्यावर आले. आम्ही त्याआधी नागोठण्याला राहत होतो, रोहा तालुक्यात, अंबा नदीपासून थोड्याच अंतरावर. २४ जुलै १९८९ ला वर जांभूळपाड्याचं काय झालं, ते रायगडमध्ये कोणाला सांगायला नको. तीच अंबा खाली आमच्या नागोठण्यात आली. पाणी ओटीवर आलं, मग माजघरात, आणि आम्ही सगळे माळ्यावर. आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ आणि मी. फळ्यांच्या खाली पाणी धडकत होतं, आणि घरातली भांडी एकमेकांवर आपटत फिरत होती. तो भांड्यांचा आवाज मला अजून येतो. पाणी ओसरल्यावर घरात चिखल तेवढा उरला. मग मला पेणला मामाकडे पाठवलं. मामाचा गणपतीचा कारखाना होता, गणपती तोंडावर आलेले, घरभर ओल्या मूर्ती, आणि मी त्या मूर्तींमध्ये बसून तुमच्यापैकी कोणीतरी दिलेल्या वह्यांत राहिलेला अभ्यास उतरवून घ्यायची. वर्गाने मला जुनी पुस्तकं, कंपासपेटी, एक रेनकोटसुद्धा दिला. 'पूरग्रस्त मुलगी' असं मला कोणी म्हणालं नाही. ते तुमचे उपकार.

आता शार्ककडे येते.

मी अॅडलेडला राहते. आमच्या राज्याच्या पश्चिमेला, मोटारीने साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, पोर्ट लिंकन नावाचं मच्छीमारांचं बंदर आहे. टूना माशावर ते गाव उभं आहे, टूना म्हणजे आपल्या कुप्याच्या जातकुळीतला. तिथून दक्षिणेला भर समुद्रात नेप्च्यून बेटं आहेत. माणसांची वस्ती नाही, खडक आणि त्यावर हजारो सील. सील आहेत म्हणून ग्रेट व्हाइट शार्क आहेत, आणि शार्क आहेत म्हणून माणसं पैसे भरून तिथे जातात. बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं-झोपायचं, दोन-तीन रात्री, आणि दिवसा लोखंडी पिंजऱ्यात बसून पाण्यात उतरायचं. आपले कोळी बांधव बर्फ, डिझेल आणि पाणी भरून आठ-आठ दिवस समुद्रात मुक्काम करतात, तसाच हा मुक्काम. फरक एवढाच, की ते मासा घेऊन येतात आणि आम्ही फोटो.

या पिंजऱ्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. रॉडनी फॉक्स नावाचा एक तरुण होता, अॅडलेडचाच. पाण्याखाली भाल्याने मासे मारायच्या स्पर्धेतला विजेता. ८ डिसेंबर १९६३ ला आल्डिंगा किनाऱ्यावर अशाच स्पर्धेत ग्रेट व्हाइटने त्याला छातीशी धरलं. फासळ्या मोडल्या, फुप्फुस उघडं पडलं, शेकडो टाके घालावे लागले. तेविसाव्या वर्षी. माणूस वाचला, आणि काही महिन्यांत परत पाण्यात उतरला. पण भीती होतीच. मग प्राणिसंग्रहालयात सिंहाचा पिंजरा बघताना त्याच्या मनात आलं, की इथे सिंहाला आत ठेवून माणूस बाहेर फिरतो, समुद्रात माणसालाच आत ठेवलं तर? त्यातून शार्क बघायचा पिंजरा तयार झाला. ज्या जातीच्या माशाने त्याला फाडलं, तो मासा लोकांनी नीट पाहावा म्हणून त्याने उरलेलं आयुष्य घालवलं.

१९७५ चा 'जॉज' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हिडिओवर पाहिला असेल. मी अर्ध्यातून उठून गेले होते. त्यातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. जो खरा शार्क दिसतो, त्याचं चित्रण पोर्ट लिंकनजवळच्या डेंजरस रीफला झालं, रॉन आणि व्हॅलेरी टेलर या जोडप्याने रॉडनी फॉक्सच्या मदतीने केलेलं. शार्क मोठा दिसावा म्हणून पिंजरा लहान बनवला आणि आत एक बुटका माणूस बसवला. साऱ्या जगाने घेतलेली भीती अशी मापात कापून तयार केलेली होती. मूळ कादंबरीचा लेखक पीटर बेंचली पुढे शार्क वाचवा म्हणून सांगत फिरला. पण तोवर लोकांच्या मनात शार्क जो बसायचा तो बसला होता.

मला तिकडे नेलं माझ्या मुलीने. ती सागरी जीवशास्त्र शिकते. गेल्या जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या थंडीत, तिने स्वतःच्या पैशांनी दोन जागा घेतल्या आणि मला म्हणाली, "आई, तू बोटीवर नुसती बस. चहा पी." मला ते पटलं. चपला राखायचं काम मला चांगलं जमतं.

पहिला दिवस काहीच दिसलं नाही. हेही सांगायला हवं, कारण टीव्हीवर दर पाच मिनिटांनी शार्क येतो. प्रत्यक्षात टूनाचे कल्ले आणि आतडी बारीक करून पाण्यात सोडतात, तो तेलकट वास प्रवाहाबरोबर दूरवर जातो, आणि बोटीवरची माणसं वाट बघत बसतात. एक बोट तर शार्क यावेत म्हणून पाण्यात एसी/डीसीची गाणी वाजवते. आम्ही दिवसभर सील बघितले, वाऱ्यात कुडकुडलो, निम्मी माणसं बोट लागून आडवी झाली. मला बोट लागली नाही. मी बोटीच्या बरोब्बर मधोमध, पाणी दिसणार नाही अशा जागी बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी ओरडलं. माझी मुलगी पिंजऱ्यात गेली. मला उठून कठड्यापाशी जावंच लागलं, कारण पोर पाण्यात होती. आणि मी वरून पाहिलं. पिंजऱ्याच्या पलीकडे पाण्याचा रंग बदलला, गडद झाला, आणि तो गडद रंग हलायला लागला. पिंजऱ्यापेक्षा लांब. चार मीटर तरी असेल. माझी मुलगी वर आली तेव्हा थंडीने तिचे ओठ निळे पडले होते आणि ती हसत होती. ती म्हणाली, "आई, तो काहीच करत नाही गं. नुसता बघतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटची फेरी होती. मी कशी तयार झाले ते विचारू नका, मलाच नीट माहीत नाही. त्या पिंजऱ्याला पोहता यावं लागत नाही. तो बोटीच्या मागे बांधलेला असतो, त्याचं तोंड पाण्याच्या वर असतं, हवा बोटीवरून नळीने तोंडात येते. अंगात जाड रबरी पोशाख आणि कमरेला शिशाची वजनं, म्हणजे माणूस तळाशी नीट उभा राहतो. मला मुलीने एका बाजूने आणि बोटीवरच्या मुलाने दुसऱ्या बाजूने धरून उतरवलं. पाणी गळ्याला लागलं आणि मला भांडी आपटल्याचा आवाज आला. खरोखर आला. मी वर यायला निघाले. मुलीने हात धरला आणि बोटं दाखवून मोजायला लावलं, एक श्वास, दोन श्वास. दहा झाले. वीस झाले. भांड्यांचा आवाज थांबला, नुसता माझ्याच श्वासाचा उरला.

मग तो आला. ती आली म्हणायला हवं, मादी होती. या जातीत मादी मोठी असते. पाच मीटरची पूर्ण वाढलेली मादी टनाच्या वर भरते. मला वाटलं होतं जबडा उघडून धावत येईल. ती सावकाश आली, एसटी स्टँडात शिरते तशी, वळण घेत. आवाज अजिबात नाही. पाठ करडी, पोट पांढरं, आणि दोन्ही रंग जिथे मिळतात तिथे वेडीवाकडी रेघ. ती रेघ प्रत्येकीची वेगळी असते, त्यावरून अभ्यासक त्यांना ओळखतात. तोंडाजवळ जुने ओरखडे होते, सीलनेही कधीतरी प्रतिकार केला असणार. डोळा लोक म्हणतात तसा काळा नाही, जवळून गडद निळा दिसतो. माझ्यापासून दोन हातांवरून तो डोळा गेला. तिने मला पाहिलं आणि पुढे गेली. परत वळली, पिंजऱ्याच्या लोखंडाला नाक लावलं. त्यांच्या नाकाडावर बारीक छिद्रं असतात, त्यांतून दुसऱ्या जिवाच्या स्नायूंतली वीज कळते. लोखंडानेही त्या थोड्या चक्रावतात. तिने हुंगलं, काही पटलं नाही, गेली.

मी चाळीसेक मिनिटं पाण्यात होते. वर आल्यावर मी रडले नाही की ओरडले नाही. मी डेकवर बसले आणि मुलीला एक गोष्ट सांगितली. ती पस्तीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. आज तुम्हाला सांगते.

त्या दिवशी नागोठण्याला ओटीवर पाणी आलं, तेव्हा बाबा आजीला माळ्यावर चढवत होते. ते मला म्हणाले, "मागे जा आणि चंद्रीचं दावं सोड." चंद्री आमची गाय. गोठा मागच्या दारापासून दहा पावलांवर. मी मागचं दार उघडलं. पाणी मांडीला लागलं, तपकिरी आणि गोल फिरणारं. चंद्री माझ्याकडे बघत होती. मी दार लावलं, माळ्यावर चढले आणि बाबांना सांगितलं, "सोडलं."

पाणी ओसरल्यावर चंद्री गोठ्यातच सापडली. दावं तसंच होतं. बाबांनी ती गाठ पाहिली असणारच. ते २०११ मध्ये गेले, तोपर्यंत त्यांनी मला त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बाई, तुमच्यासारखंच.

मला पाण्याची भीती वाटते, असं मी आणि तुम्हीही इतकी वर्षं समजत होतो. त्या मादीचा डोळा समोरून गेला तेव्हा मला कळलं, की तिच्या मनात माझ्याविषयी काहीच नाही. राग नाही, वैर नाही. अंबेच्या पाण्याच्या मनातही नव्हतं. मी पाण्याकडे बघत नव्हते ते वेगळ्याच कारणाने. पाण्याकडे बघितलं की ते दार दिसायचं. मुलगी म्हणाली, "आई, तू अकरा वर्षांची होतीस." हे खरंच आहे. पण चंद्री बांधलेली होती हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि आता मी दोन्ही एकत्र बघू शकते. पिंजऱ्याने मला एवढं दिलं.

पिंजऱ्याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर जाहिरात वाटेल. मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर अशाच मुक्कामी बोटी जायच्या. आमिषाच्या मागे धावणारा शार्क आंधळा धावतो. तो मागे जाऊ शकत नाही, पोहायचं तर पुढेच. २०१६ मध्ये तिथे एक शार्क गज तोडून पिंजऱ्यात घुसला. आतला माणूस सुखरूप वर आला, शार्कही निसटला, पण असे प्रसंग होतच राहिले आणि शार्क जखमी होऊ लागले. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिको सरकारने ते पर्यटन पूर्ण बंद केलं. नेप्च्यून बेटांवरही बोटींच्या आमिषामुळे शार्क नेहमीपेक्षा जास्त दिवस तिथे रेंगाळतात असं दिसल्यावर बोटींच्या दिवसांवर बंधनं आणली. आमिष नुसतं दाखवायचं, खायला द्यायचं नाही, असाही नियम आहे. बघायला गेलेल्या माणसाने दावं बांधून येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ मी लावते.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? ग्रेट व्हाइट आपल्या किनाऱ्यावर जवळजवळ नाहीच. पण समुद्र तोच आहे. निकोल नाव दिलेल्या एका मादीने २००३-०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून निघून ऑस्ट्रेलिया गाठलं आणि ती परतही गेली. नऊ महिन्यांत वीस हजार किलोमीटरच्या आसपास, आणि तेही आपल्याच हिंदी महासागरातून. आणि शार्कची भावंडं तर आपल्या ताटात आहेत. मोरीचं कालवण कोणी खाल्लं नाही, हात वर करा. बघा, शाकाहारी चार जण सोडले तर कोणी नाही. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात, माझ्या आईनेही मला पार्सलने सुका मसाला पाठवून तिकडची मोरी शोधायला लावली होती. मोरी म्हणजे शार्कच. हाडं नाहीत, आपल्या कानात असते तशी कूर्चा असते, म्हणून मुलांना काट्याशिवाय खाता येते.

मी मोरी खाऊ नका म्हणायला उभी नाही. खारेपाटातल्या आपल्या मित्राचं घर मासळीवर चालतं. काल जेवताना तोच म्हणाला, "पूर्वी बाबा आणायचे ती मोरी हातभर असायची, आता वीतभर येते." त्याचं हे वाक्य मला कुठल्याही पुस्तकापेक्षा खरं वाटतं. बांगडा वर्षाला लाखोंनी अंडी टाकतो. शार्कचं तसं नाही. त्या उशिरा वयात येतात आणि मोजकीच पिल्लं देतात. ग्रेट व्हाइटची मादी तर वयात यायला तीसेक वर्षं घेते. म्हणजे आपण दहावी झालो तेव्हा जन्मलेली मादी आत्ता कुठे आई होत असेल. जगात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला सरासरी पाच-सहा माणसं दगावतात, आणि माणूस वर्षाला काही कोटी शार्क मारतो. आपल्या देशाने २००१ मध्ये व्हेल शार्कला, आपल्या समुद्रात येणाऱ्या त्या सगळ्यात मोठ्या माशाला, वाघाइतकं संरक्षण दिलं, आणि २०१५ मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद केली. बाजारात वीतभर मोरी दिसली तर ती बाळच आहे का, एवढं कोळणीला विचारा. तिला बरोबर माहीत असतं.

आता शेवटचं, आणि यासाठीच मी उभी राहिले.

आपण भोगावती, अंबा आणि कुंडलिकेच्या काठची माणसं. खारेपाटात उधाणाला बांध फुटतो, खांड जाते, आणि पाणी शेतात, घरात येतं. तरी आपल्या तुकडीत पोहता येणाऱ्या मुली किती होत्या? मी आठवून पाहिलं, तीन. तिघीही खाडीकाठच्या. बाकी आम्ही सगळ्या काठावर चपला राखणाऱ्या. मला पोहता येत असतं तर मी चंद्रीला सोडवलं असतं, असं मी म्हणत नाही. तसल्या पाण्यात अकरा वर्षांच्या मुलीने उतरूच नये. पण पाणी म्हणजे काय हे अंगाला माहीत असतं, तर निदान पुढची पस्तीस वर्षं मी डोळे मिटून पूल ओलांडले नसते.

या मेळाव्याच्या वर्गणीतून पैसे उरणार आहेत, आणि शाळेला काय द्यायचं यावर काल रात्री एकपर्यंत भांडण चाललं होतं. माझी सूचना अशी. कपाट नको, घड्याळ नको. शाळेतून दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला पोहता आलं पाहिजे, याची सोय आपली तुकडी करेल. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं. भिऱ्याच्या वीजघराचं पाणी सुटलं की सकाळी नदी भरते आणि आपल्याच रोह्याकडची पोरं मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन तिच्यात उतरतात. पाण्यात माणूस कसा सांभाळायचा, हे त्या पोरांना शिकवलेलं असतं. त्यांच्यातली चार आपल्या शाळेच्या मुलांना शिकवायला मिळतील. पहिल्या वर्षाचा खर्च मी देते. पुढची वर्षं तुम्ही वाटून घ्या.

आणि पहिल्या तुकडीत माझंही नाव घाला. मी महिनाभर पेणला आहे. वय सत्तेचाळीस, पोहणं शून्य, पण शार्कच्या शेजारी उभं राहण्याचा अनुभव आहे.

बाई, उद्या दुपारी ओहोटी आहे का, ते मी कालच विचारून ठेवलं. गाडी सांगितली आहे. तुमचे गुडघे दुखतात हे माहीत आहे, आपण हळूहळू चालू. कुलाबा किल्ला दोघींचाही राहिला आहे.